श्रेयाची वाटणी

मैत्रिणींनो, चैत्रातल्या हळदीकुंकवाला पन्नास जणींची डाळ वाटणारी एक आणि ‘वा, छान झालीय!’ हे ऐकणारी दुसरी, हा अनुभव आपल्याला नवा नाही. कॉलेजातल्या मुलांचंही असंच होतं बरं का!

‘आयजेम’ नावाची एक जागतिक स्पर्धा आहे. जिवाणूंच्या जनुकांत फेरफार करून विद्यार्थ्यांचे संघ त्यांच्याकडून उपयोगी कामं करून घेतात. अमेरिकेतल्या एमआयटीत २००३ साली एका अभ्यासवर्गातून हिची सुरुवात झाली. पुण्याच्या आयसरचे विद्यार्थीही तिच्यात उतरले आहेत.

संघात एक जण रात्र जागून जिवाणू वाढवतो, दुसरी गणित मांडते, तिसरी देणग्यांसाठी उंबरठे झिजवते. लक्षात राहतो तो मात्र व्यासपीठावर बोलणारा. रुसवेफुगवे होतात ते इथेच!

म्हणूनच स्पर्धेचा नियम आहे, की कोणी काय केलं, बाहेरून कोणाची मदत झाली, हे प्रत्येक संघानं लिहून द्यायचं. त्याशिवाय ब्राँझपदकसुद्धा नाही!

तुमची लेक अशा संघात असेल, तर तिला सांगा: कामं पहिल्याच दिवशी वाटून घ्या. केलेलं काम तारीख घालून वहीत टिपून ठेव. दुसऱ्याचं नाव आठवणीनं लिही. पण स्वतःचं गाळू नकोस.

‘जाऊ दे, मी असं काय मोठं केलं?’ हे वाक्य मुली आपल्याकडूनच शिकतात. तेव्हा आधी आपणच ते म्हणायचं सोडू या, नाही का?