राजाला आणले, राणीला आणले

पोर्तुगालच्या राजाने बहिणीच्या लग्नात मुंबई इंग्रजांना आंदण दिली, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. नवरदेव दुसरा चार्ल्स, नवरी ब्रगांझाची कॅथरिन, तहाचे साल 1661. पण ही नवरी लिस्बनहून इंग्लंडला नेली कोणी? ठरलेल्या हुंड्यातला निम्माच पैसा तयार आहे आणि तोही रोकड नाही, असे ऐन वेळी कळले तेव्हा नवरी घेऊन निघायचे की रिकामे परतायचे, हे ठरवले कोणी? तो माणूस होता एडवर्ड माँटेग्यू, सँडविचचा पहिला अर्ल. ज्याच्या नावावरून पावाच्या त्या पदार्थाला नाव पडल्याचे सांगतात, तो चौथा अर्ल. आपला माणूस त्याचा खापरपणजोबा.

माँटेग्यू 27 जुलै 1625 रोजी नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या बार्नवेल इथे जन्मला, म्हणजे शिवाजी महाराजांपेक्षा तो जेमतेम पाच वर्षांनी मोठा. त्याच्या वडिलांनी, सर सिडनी माँटेग्यूंनी, हंटिंग्डनजवळचा हिंचिंगब्रुक वाडा 1627 मध्ये विकत घेतला. तो विकणारे घराणे क्रॉमवेलांचे. पुढे राजाचे शिर उडवणाऱ्या ऑलिव्हर क्रॉमवेलचा काका त्या वाड्याचा मालक होता. शेजारपाजारच्या या नात्यानेच एडवर्डच्या आयुष्याची पहिली दिशा ठरवली. 1642 मध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी पेटली. वडील राजाच्या बाजूचे, त्यापायी त्यांना पार्लमेंटमधून बाहेर पडावे लागले. मुलाने मात्र 1643 मध्ये, अठराव्या वर्षी, पार्लमेंटसाठी पलटण उभी केली आणि मार्स्टन मूर, नेसबी, ब्रिस्टल अशा एकामागून एक लढायांत तिचे नेतृत्व केले.

आज अठरा वर्षांच्या मुलाच्या हाती पलटण देण्याची कल्पना करवत नाही. त्या काळी घराणे, जमीन आणि पदरची माणसे असली की पलटण उभी राहत असे. तरी माँटेग्यू नुसता उमरावपुत्र राहिला नाही. 1648 मध्ये सैन्याने पार्लमेंटमधले नको असलेले सभासद हाकलून लावले, त्यात तोही गेला. पहिल्या चार्ल्सच्या वधात त्याचा हात नव्हता. पण क्रॉमवेलने सत्ता हाती घेतली तेव्हा तो परत आला, राज्यमंडळात बसला, खजिन्याचा कारभार पाहू लागला. 1656 मध्ये क्रॉमवेलने त्याला रॉबर्ट ब्लेकच्या जोडीला आरमाराचा सेनापती नेमले. तोवर या जमिनीवरच्या सैनिकाने जहाजाचा कारभार कधी पाहिला नव्हता. तो त्याने शिकून घेतला. वारे, खोली, ग्रहताऱ्यांचे वेध, किनाऱ्यांची रेखाटने, सगळे तो आपल्या रोजनिशीत टिपत असे. पुढे रॉयल सोसायटीचा सभासद झालेला हा माणूस मुळातच जिज्ञासू होता.

त्याला दलबदलू म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मला ते पटत नाही. 1657 मध्ये क्रॉमवेलने राजमुकुट घ्यावा असा आग्रह धरणाऱ्यांत माँटेग्यू होता. देशाला एक प्रमुख हवा, कायद्याच्या चौकटीत बसणारा हवा आणि सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या मर्जीवर राज्य चालू नये, ही त्याची धारणा दिसते. 1658 मध्ये क्रॉमवेल वारला, त्याचा मुलगा रिचर्ड काही महिन्यांत बाजूला फेकला गेला, आणि पुन्हा तेच अधिकारी सत्तेत आले. माँटेग्यू तेव्हा आरमार घेऊन डेन्मार्कजवळच्या सामुद्रधुनीत उभा होता. तिथे त्याला परागंदा राजपुत्र चार्ल्सचे गुप्त पत्र पोचले. 1659 च्या उन्हाळ्यात, अन्नसाठा संपत आल्याचे कारण पुढे करून, तो हुकमाविना आरमार मायदेशी घेऊन आला. पण इंग्लंडमधले राजपक्षाचे बंड तोवर चिरडले गेले होते. तो निमूटपणे हिंचिंगब्रुकला जाऊन बसला.

हे दिवस इतक्या जवळून आपल्याला दिसतात ते त्याच्या एका गरीब नातलगामुळे. माँटेग्यूची आई पॉलिना ही पेपिस घराण्यातली. त्या घराण्यातला सॅम्युअल पेपिस हा लंडनच्या एका शिंप्याचा मुलगा. माँटेग्यूने त्याला आपल्या घरच्या कामावर ठेवले आणि पुढे आरमाराच्या कचेरीत मोठी जागा मिळवून दिली. 1 जानेवारी 1660 पासून पेपिस लघुलिपीत दैनंदिनी लिहू लागला. तिच्यातले ‘माय लॉर्ड’ म्हणजे हाच माँटेग्यू. धन्याचे संगीताचे वेड, जुगार, कर्ज, चेल्सीतल्या एका मुलीपायी दरबारापासून तुटत जाणे, काहीच त्याने लपवले नाही. 1663 मध्ये तर धन्याची अब्रू जाते आहे असे बजावणारे पत्रच त्याने धीर करून धन्याला लिहिले. ते वाचून माँटेग्यू काही काळ अंतर राखून वागला, पण त्याने पेपिसला नोकरीवरून काढले नाही. त्या काळच्या उमरावाकडून एवढा समजूतदारपणा दुर्मीळच होता.

पुढे चार्ल्सला राजा म्हणून परत आणायचे ठरले, आणि मे 1660 मध्ये माँटेग्यू आरमार घेऊन हॉलंडच्या किनाऱ्यावर गेला. ज्या जहाजावर तो होता त्याचे नाव ‘नेसबी’, म्हणजे राजाच्या बापाचा जिथे निर्णायक पराभव झाला त्या रणभूमीचे. राजा जहाजावर आला आणि नाव बदलून ‘रॉयल चार्ल्स’ झाले. 25 मे रोजी डोव्हरला राजा उतरला आणि दोन दिवसांत माँटेग्यूला गार्टरची पदवी मिळाली. जुलैत तो अर्ल झाला. केंटच्या किनाऱ्यावरच्या सँडविच बंदराचे नाव त्याने पदवीसाठी घेतले. पुढच्या जानेवारीत क्रॉमवेलचे प्रेत उकरून फासावर लटकवण्यात आले. जुन्या सोबत्याची ही विटंबना ज्याच्या बदललेल्या निष्ठेमुळे शक्य झाली, त्याला ती पाहावी लागली, ही गोष्ट मला त्याच्या चरित्रातली सर्वांत अवघड जागा वाटते.

आता पोर्तुगाल. स्पेनशी वीस वर्षे लढून थकलेल्या त्या देशाला इंग्रज आरमाराचा आधार हवा होता. त्यासाठी आफ्रिकेच्या टोकावरचे टँजिअर, इकडचे मुंबई बेट आणि वीस लाख क्रुझादो असा हुंडा ठरला. सँडविच आधी टँजिअरला पोचला. तिथल्या पोर्तुगीज रहिवाशांना गाव सोडायचा नव्हता. पण जानेवारी 1662 मध्ये त्यांच्या एका तुकडीवर बाहेरच्या मूर सैनिकांनी छापा घालून तिची कत्तल केली. भेदरलेल्या गावाने सँडविचच्या खलाशांना आत घेतले. महिनाअखेर नवा इंग्रज गव्हर्नर आला आणि ठाणे रीतसर इंग्लंडचे झाले.

लिस्बनला गोष्ट अधिक नाजूक होती. राजमाता लुईसाने सांगितले की आता अर्धीच रक्कम देता येईल, आणि तीही साखर, इतर माल, जवाहीर आणि हुंड्या यांच्या रूपात. सँडविचला यासाठी कोणताही हुकूम नव्हता. लंडनला विचारून उत्तर यायचे म्हणजे आठवडेच्या आठवडे. नवरी टाकून परतावे तर पोर्तुगालची बेअब्रू आणि तह मोडलेला. त्याने माल जहाजात भरून घेतला, पैसे चुकते करण्यासाठी दुआर्ते दा सिल्व्हा नावाच्या व्यापाऱ्याला बरोबर घेतले आणि कॅथरिनला ‘रॉयल चार्ल्स’वर बसवले. मे 1662 मध्ये ती पोर्ट्समथला उतरली. त्या एका निर्णयावर मुंबईचे हस्तांतरणही तरले, हे आपल्या पुस्तकांत यायला हवे.

मुंबईकडे मात्र दुसराच अर्ल निघाला होता, मार्लबरोचा जेम्स ले. सप्टेंबर 1662 मध्ये तो अब्राहम शिपमनच्या फौजेसह इथे पोचला. पोर्तुगीज गव्हर्नरने बेट ताब्यात द्यायला साफ नकार दिला. शिपमनची माणसे अंजदीव बेटावर आजाराने मेली, तो स्वतःही 1664 मध्ये तिथेच वारला. फेब्रुवारी 1665 मध्ये त्याच्या जागी आलेल्या हम्फ्री कुकने मुंबई घेतली, आणि 1668 मध्ये राजाने ती वर्षाला दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. मार्लबरो परत गेला आणि 3 जून 1665 रोजी लोस्टॉफ्टजवळ डच आरमाराशी झालेल्या लढाईत पडला. त्याच लढाईत सँडविच निळ्या दलाचा प्रमुख होता.

त्या विजयानंतर सगळे आरमार त्याच्या हाती आले आणि तिथेच तो घसरला. सप्टेंबर 1665 मध्ये पूर्वेकडून मसाले व रेशीम घेऊन येणारी डच कंपनीची जहाजे त्याने पकडली. असा माल आधी सरकारात जमा व्हायला हवा. राजाच्या रीतसर परवानगीची वाट न पाहता त्याने तो आपल्यात आणि हाताखालच्या सेनानींत वाटला. पेपिस पुढे ही जहाजे पाहायला गेला तेव्हा लवंग-जायफळाच्या ढिगांत गुडघ्याच्या वर रुतत चालला. इकडे खलाशांना पगार नव्हता, लंडनमध्ये प्लेगाने माणसे मरत होती. हा गुन्हा होताच. त्याचे समर्थन मी करणार नाही. राजाने माफी दिली, पण दरबारातल्या वैऱ्यांनी गदारोळ उठवला, म्हणून त्याला वकील करून माद्रिदला धाडले.

तिथे त्याने आपल्या आयुष्यातले सर्वांत सुंदर काम केले. 1667 मध्ये इंग्लंड-स्पेन व्यापारी तह झाला आणि फेब्रुवारी 1668 मध्ये त्याच्या मध्यस्थीने स्पेनने पोर्तुगालचे स्वातंत्र्य मान्य केले. अठ्ठावीस वर्षांचे युद्ध संपले. कॅथरिनच्या माहेराला जे हवे होते ते अखेर त्याने मिळवून दिले. फावल्या वेळात त्याने आल्व्हारो आलोन्सो बार्बा या धर्मगुरूच्या खनिजविद्येवरच्या स्पॅनिश पुस्तकाचे इंग्रजी भाषांतरही केले. घरी आला तो कर्ज घेऊनच.

1672 मध्ये डचांशी पुन्हा युद्ध जुंपले. ते त्याला मान्य नव्हते. दैनंदिनीकार जॉन एव्हलिनने आपल्या नोंदीत लिहिले आहे की निरोप घेताना तो परत येण्याची आशा सोडल्यासारखा बोलला. 28 मे रोजी सफोकच्या सोलबे उपसागरात दे रॉयटरच्या डच आरमाराने इंग्रज-फ्रेंच दोस्त आरमाराला नांगरावरच गाठले. सँडविचच्या शंभर तोफांच्या ‘रॉयल जेम्स’ला व्हान ब्राकेलच्या जहाजाने भिडून अडकवून ठेवले. तासन् तास लढाई चालली, मदतीला कोणी आले नाही, आणि अखेर आग लावून सोडलेल्या एका जहाजाने ते पेटवले. जखमी कप्तान रिचर्ड हॅडक वाचला. अर्ल आणि त्याचा जावई फिलिप कार्टरेट वाचले नाहीत. जूनमध्ये समुद्रात सापडलेले त्याचे प्रेत अंगरख्यावरच्या गार्टरच्या चिन्हावरून ओळखले गेले. थेम्समधून शवयात्रा निघाली आणि 3 जुलै 1672 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत सातव्या हेन्रीच्या चॅपलमध्ये त्याचे दफन झाले. वय 46.

पेपिसची दैनंदिनी 31 मे 1669 रोजीच थांबली, त्यामुळे धन्याचा शेवट तिच्यात नाही. पण सँडविचची स्वतःची रोजनिशी टिकून आहे. तिचा 1659 ते 1665 चा भाग 1929 मध्ये नेव्ही रेकॉर्ड्स सोसायटीने छापला. टँजिअर आणि लिस्बनच्या त्या मोहिमेची नोंद त्या भागात आहे. मुंबईच्या हस्तांतरणाचा अभ्यास करणाऱ्या आपल्या कोणी तरुण अभ्यासकाने निदान तेवढी पाने मराठीत आणावीत, ही माझी मनापासून विनंती आहे.