मोटारीच्या कूलंटच्या टांकीस रंग देणें



मोटारीचें बॉनेट उघडलें म्हणजे एका कडेला दुधी काचेसारखी दिसणारी प्लॅस्टिकची टांकी आढळते. वर्षानुवर्षें उष्णता सोसून ती पिवळी पडते आणि हौशी मालकाच्या डोळ्यांत सलूं लागते. तिला काळा रंग देऊन टाकावा असें पुष्कळांस वाटतें. अवश्य द्यावा, परंतु कारखानदारानें ती दुधी कां ठेविली, हें आधीं समजून घेतलें पाहिजे.

इंजिनाभोंवतीं खेळणारें कूलंट तापलें कीं फुगतें. त्या वाढाव्यास जागा मिळावी म्हणून ही टांकी. आणि आंतील पातळी बाहेरूनच दिसावी म्हणून ती अर्धपारदर्शक असून तिच्यावर कमाल व किमान अशा दोन खुणा असतात. तिला सबंध रंग फांसला तर गळतीचें पहिलें चिन्हच झांकलें जातें. मग घाट चढतांना कांटा तांबड्या खुणेकडे सरकेल तेव्हां कळावयाचें, आणि तोंवर कदाचित् हेडचें गॅस्केट गेलेलें असावयाचें! यास्तव खुणांवरून दोन बोटें रुंद अशी उभी मास्किंग टेप लावून तेवढी खिडकी मोकळी राखावी.

टांकी काढण्यापूर्वीं इंजिन पूर्ण निवूं द्यावें; एक रात्र गेली तर उत्तम. चालत्या इंजिनांतील कूलंट सुमारें ९० अंश सेंटिग्रेड किंवा त्याहूनही अधिक तापलेलें असतें, आणि आजच्या पुष्कळ गाड्यांत ही टांकी दाबाखालीं असते. गरम असतां झांकण फिरविलें कीं दाब एकदम उतरतो आणि उकळतें कूलंट उसळून हातातोंडावर येतें. थंड झाल्यावर तें पिचकारीनें उपसावें. नळी तोंडानें ओढण्याची आपली जुनी रीत येथें मुळींच चालावयाची नाहीं. कारण कूलंटमध्यें बहुधा इथिलीन ग्लायकॉल असतें. तें चवीला गोड आणि परिणामीं विषारी; त्यानें मूत्रपिंडें निकामी होतात. मूल किंवा कुत्रेंमांजर त्या गोडीस भुलतें. म्हणून तें शरबताच्या बाटलींत भरूं नये, गटारांतही ओतूं नये. झांकणाच्या डब्यांत भरून, वर चिठ्ठी लावून, गॅरेजवाल्याच्या हवालीं करावें.

पुढचें काम सोपें आहे. पकडीनें क्लिपा मागें सारून नळ्या सोडवाव्या, पातळी दाखविणारी तार असल्यास तीही काढावी, आणि एकदोन बोल्ट सैल केले कीं टांकी हातीं येते. उघड्या नळ्यांना बूच लावावें.

रंगाची खरी अडचण मात्र निराळीच आहे. ही टांकी बहुधा पॉलिप्रॉपिलीनची असते. इटालियन रसायनशास्त्रज्ञ जुलिओ नात्ता यांनीं १९५४ सालीं त्याचा घन, स्फटिकी प्रकार तयार केला. त्याच्या पृष्ठभागावर कांहींच धड चिकटत नाहीं. पाण्याचा थेंब टाकून पाहावा. अळवावरच्या पाण्यासारखा तो गोळा होऊन बसतो. रंगाचेंही तेंच होतें. नुसता रंग दिला तर चार महिन्यांत त्याचे पापुद्रे सुटतात. म्हणून टांकी साबणानें धुवून तेलकटपणा घालवावा, बारीक पॉलिशपेपर हलक्या हातानें फिरवावा (जाडा वापरल्यास प्लॅस्टिकला लव सुटते), आणि पॉलिप्रॉपिलीनसाठींच असलेला प्लॅस्टिक प्रायमर लावावा. साध्या लोखंडी प्रायमरनें भागत नाहीं. डब्यावर लिहिलेल्या मुदतींतच, उष्णता सोसणाऱ्या रंगाचे दोनतीन पातळ हात द्यावे. टांकीचीं तोंडें आधीं बंद करावीं, नाहींतर रंगाचे कण रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन अडकतील. झांकणावरील सूचनेसही रंग लावूं नये.

रंग देण्याआधीं टांकी उजेडाकडे धरून तडा आहे का, हें पाहावें. तडा असेल तर रंगाचा खर्च वांचवून नवी टांकीच घ्यावी.

रंग पक्का वाळल्यावर टांकी बसवून गाडीच्या पुस्तिकेंत सांगितलेलेंच कूलंट भरावें. हिरवें किंवा तांबडें यावरून त्याची जात ओळखूं नये. मग झांकण घट्ट लावून इंजिन गरम होईपर्यंत चालवावें आणि नळ्यांच्या सांध्यांशीं ओल येत नाहीं ना, हें पाहावें. दुसरे दिवशीं सकाळीं, गाडी सुरू करण्यापूर्वीं, त्या राखलेल्या खिडकींतून पातळी पाहावी. अडकलेली हवा निघून गेल्यानें ती थोडी उतरलेली असावयाची, तेवढी भरून घ्यावी.