तोतरेपणा आणि मेंदूला सौम्य वीज

कवटी न उघडता, भूल न देता मेंदूला सौम्य वीजप्रवाह देण्याच्या पद्धतीला ‘टीडीसीएस’ म्हणतात. ओल्या स्पंजमधले दोन इलेक्ट्रोड डोक्यावर बसवतात. हा प्रवाह पेशींना धक्का देत नाही. त्यांना सक्रिय व्हायला किंचित सोपं करतो. म्हणूनच तो सरावाच्या जोडीने वापरतात.

ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात एक महत्त्वाची चाचणी प्रसिद्ध केली. मध्यम ते तीव्र तोतरेपणा असलेले 30 पुरुष सलग 5 दिवस, रोज 20 मिनिटं, इतरांच्या सुरात सूर मिसळून वाचत आणि मेट्रोनोम या ताल देणाऱ्या यंत्राच्या ठेक्यावर बोलत. या दोन्ही रीतींनी अडखळणं तात्पुरतं थांबतं, हे आधीपासून माहीत आहे. त्याच वेळी निम्म्यांच्या मेंदूच्या डाव्या पुढच्या, वाणीशी निगडित भागावर 1 मिलिअँपिअर प्रवाह होता. उरलेल्यांना प्रवाहाचा नुसता आभास.

आठवड्याभरानंतर प्रवाह मिळालेल्यांचं अडखळणं लक्षणीय घटलं, दुसऱ्या गटाचं नाही. सहा आठवड्यांनी मात्र सुधारणा फक्त वाचनात उरली, गप्पांमध्ये नाही. माणसाला हवं असतं ते मोकळं बोलणं, त्यामुळे ही उणीव मोठीच. तरीही दिशा आशादायक आहे.

तोतरेपणा भित्रेपणातून येत नाही. त्यात मेंदूच्या जडणघडणीचा आणि आनुवंशिकतेचा वाटा असतो. टीडीसीएस अजून प्रस्थापित उपचार नाही. घरगुती यंत्रं डोक्याला लावू नका. मूल अडखळत असेल तर वाचा-उपचारतज्ज्ञांना लवकर भेटा.