मोजे चढवता येतात का?

लोणावळ्यातल्या योगप्रेमींना टोचेल अशी एक गोष्ट. अमेरिकन कॉलेज ऑफ र्‍ह्युमॅटॉलॉजीच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनांत गुडघ्याच्या झिजेवर चिनी ताई चीला ‘ठाम’ शिफारस मिळाली, योगाला मात्र ‘सशर्त’.

यात भारत-चीन असं काही नाही. फायदा किती हा एक प्रश्न, आणि तो दाखवणाऱ्या चाचण्यांवर भरवसा किती हा दुसरा. दोन्ही तोलून तज्ज्ञ मतदान करतात; सत्तर टक्के एकमत लागतं. ताई चीवर चाचण्या भरपूर, योगावर फारच कमी. ‘सशर्त’ म्हणजे नापास नव्हे. डॉक्टर आणि रुग्णानं बसून ठरवावं, एवढंच. नापास झालं ते गुडघेदुखीवर घेतलं जाणारं ग्लुकोसामाइन, तेही ठामपणे. औषधाच्या दुकानांतून ते अजून हललेलं नाही, ही गोष्ट वेगळी!

गंमत अशी की योग मोजायची सुरुवात लोणावळ्यातच झाली. स्वामी कुवलयानंदांनी १९२४मध्ये कैवल्यधाम काढलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिकही. नौली, म्हणजे पोटाचे स्नायू घुसळण्याची योगक्रिया, करणाऱ्याच्या मोठ्या आतड्यातला दाब वातावरणाच्या दाबाखाली उतरतो, हे त्यांनी दाबमापक लावून दाखवलं आणि गुरूंच्या नावावरून त्याला ‘माधवदास व्हॅक्यूम’ म्हटलं. योगावर बोलणारे तेव्हाही पुष्कळ होते, नळी जोडून आकडा वाचणारा विरळा. पण शरीरात काय घडतं हे मोजणं वेगळं आणि चिठ्ठ्या टाकून केलेल्या दोन गटांची तुलना वेगळी. क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची तशी गाजलेली चाचणी आली १९४८मध्ये.

मोजायचं तरी काय? गुडघ्याच्या चाचण्यांत ‘वोमॅक’ नावाची प्रश्नावली वापरतात. मोजे चढवताना त्रास होतो का? बाथटबमधून बाहेर पडताना? मावळातल्या आजींना हे विचारून काय कळणार! त्यांचा गुडघा अडतो तो मांडी घालताना, उकिडवं बसताना. पुण्याच्या सेंटर फॉर र्‍ह्युमॅटिक डिसीजेसनं ही प्रश्नावली भारतीय बैठकीला साजेशी करून घेतली. तिथल्याच डॉ. अरविंद चोप्रांनी १९९६पासून भिगवण गावात घरोघरी सांधेदुखीची पाहणी केली होती, तेव्हा त्यांना गावचे गुडघे ठाऊक होते.

आता पुढचं काम उरलंय. झिजलेल्या गुडघ्यानं वज्रासनात बसावं की नाही, बसलं तर किती वेळ, हे ती सशर्त शिफारस सांगत नाही. ते शोधायला पुण्याची प्रश्नावली आहे, लोणावळ्यात योगशाळा आहे, आणि मावळात दुखरे गुडघे हवे तेवढे.