होमोसिस्टीनवर मेलाटोनिनची मात्रा? (लेखांक सातवा)

होमोसिस्टीन रक्तात का साचते, हे गेल्या लेखांकात पाहिले. अन्नातील मेथिओनिन हे अमिनो आम्ल वापरले जाताना ते तयार होतेच. ब-१२ आणि फोलेटच्या मदतीने शरीर त्याचे पुन्हा मेथिओनिन करते, किंवा ब-६ च्या मदतीने त्याला सिस्टीन या दुसऱ्या अमिनो आम्लाच्या वाटेला लावते. ही जीवनसत्त्वे अपुरी पडली की पातळी लिटरमागे १५ मायक्रोमोलच्या वर चढते. साचलेल्या होमोसिस्टीनचे ऑक्सिडीकरण होताना हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे दाहक रेणू सुटतात आणि रक्तवाहिन्यांचे नाजूक अस्तर दुखावते. या हानीला मेलाटोनिन आवर घालू शकेल का? माझे मत असे, की हानी काही अंशी रोखण्याची क्षमता त्यात दिसते. पण मूळ कमतरता ते भरून काढत नाही, आणि आपल्याकडचे दुखणे मुळातच आहे.

आधी मेलाटोनिनची बाजू. अंधार पडल्यावर मेंदूतील पिनिअल ग्रंथी सोडते ते हे संप्रेरक. ॲरन लर्नर यांनी १९५८ साली गाईंच्या पिनिअल ग्रंथींतून ते वेगळे केले. ते केवळ झोपेची वेळ सांगत नाही, तर विध्वंसक ऑक्सिजन-रेणूंना निष्प्रभही करते, हे १९९० च्या दशकात पुढे आले. तुर्कस्तानातील फिरात विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदरांची पिनिअल ग्रंथी काढून टाकली, तेव्हा त्यांच्या रक्तातील होमोसिस्टीन वाढले आणि मेलाटोनिन दिल्यावर ते घटले. होमोसिस्टीनमुळे मेंदूच्या ऊतींवर येणारा ऑक्सिडीकरणाचा ताणही मेलाटोनिनने कमी झाल्याचे तेथे दिसले. मात्र हे सारे उंदरांत. अशा प्रयोगांत वजनाच्या किलोमागे १० मिलिग्रॅमपर्यंत मात्रा दिली जाते. माणसाची झोपेसाठीची मेलाटोनिनची गोळी साधारणपणे एकूण ३-५ मिलिग्रॅमची असते. उंदरांतील निष्कर्ष त्या गोळीला जसाच्या तसा लावता येत नाही.

येथे एक वजनदार आक्षेप येतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या होप-२ आणि नॉर्व्हिट या मोठ्या चाचण्यांत ब-जीवनसत्त्वांनी होमोसिस्टीन घटले, तरी हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. मग जीवनसत्त्वांचा आग्रह कशाला, थेट हानी रोखणारे मेलाटोनिनच का नको? त्या चाचण्यांत कोण होते, ते पाहिले की या प्रश्नाची धार बोथट होते. होप-२ मधील बहुतेक रुग्ण पिठात फोलिक ॲसिड मिसळणाऱ्या देशांतले होते, आणि दोन्ही चाचण्यांत मुख्यतः आधीच जडलेल्या विकाराचे रुग्ण होते. पोट भरलेल्याला जेवू घालून उपासमारीवरचा उपाय तपासता येत नाही. शिवाय होप-२ मध्येही पक्षाघाताचे प्रमाण काहीसे घटले होतेच.

आपली स्थिती निराळी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी ग्रामीण भाग, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्गातील ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६७ टक्क्यांत ब-१२ कमी आणि ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन जास्त आढळले. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, पालेभाजी हा आहार चांगलाच. पण वनस्पतींत ब-१२ नसते. ते दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. आपल्या सिंदी मेघे गावाच्या शेजारच्या सेवाग्रामात पुढे अनेक वर्षे राहिलेल्या गांधीजींनी १९१२ साली दूध सोडले होते. पुढच्या मोठ्या आजारपणानंतर त्यांना शेळीचे दूध घ्यावे लागले. ब-१२ शुद्ध रूपात हाती आले १९४८ साली, त्यांच्या निधनाच्याच वर्षी.

म्हणून सिंदी मेघेतील वाचकांना माझे सांगणे असे: हातापायांना मुंग्या, सततचा थकवा, विसराळूपणा जाणवत असेल, किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन अनेक वर्षे चालू असेल, तर सेवाग्राम किंवा सावंगीच्या रुग्णालयात ब-१२ ची तपासणी करून घ्या आणि कमतरता निघाली तर डॉक्टरांच्या सल्ल्याने भरून काढा. रात्री उशिरापर्यंतचा प्रखर उजेड आणि मोबाइल टाळा. त्याने शरीराचे स्वतःचे मेलाटोनिन दबते, आणि अंधाराला पैसे पडत नाहीत. होमोसिस्टीन उतरवण्यासाठी मात्र मेलाटोनिनची गोळी मनाने सुरू करू नका. माणसांवरच्या भक्कम चाचण्यांनी ती अजून सिद्ध झालेली नाही.