पायाखालची जाळी

  मध्यंतरी एक पत्र आलं आणि चार दिवस डोक्यात तेच घोळतंय.

पत्र सांगलीकडच्या एका लेयर (म्हणजे अंड्यांसाठीच्या कोंबड्यांच्या) पोल्ट्रीवाल्यांचं आहे. ते विचारतात, “कोंबडीला काय हवंय हे तुम्हाला कुणी सांगितलं? माझ्या शेडमध्ये तिला ऊन लागत नाही, मुंगसाची भीती नाही, खाद्य वेळेवर मिळतं. तुम्ही स्वतःला तिच्या जागी ठेवता आणि तिचं सुख-दुःख ठरवता.”

शेवटचं वाक्य मला मनापासून पटलं. आपण स्वतःला तिच्या जागी ठेवतो आणि तिथेच फसतो. प्राणिकल्याणाच्या विषयातली माझी सर्वांत आवडती गोष्ट नेमकी अशा फसण्याचीच आहे.

१९६४ साली रूथ हॅरिसन यांचं कारखानी पशुपालनावरचं ‘अ‍ॅनिमल मशीन्स’ हे पुस्तक आलं आणि ब्रिटनमध्ये खळबळ उडाली. सरकारने प्राणिशास्त्रज्ञ ब्रँबेल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९६५च्या तिच्या अहवालातलं एक मागणं पुढे जगभर गेलं: जनावराला उठता, बसता, वळता, अंग साफ करता आणि हातपाय ताणता आले पाहिजेत. त्याच अहवालात एक बारीकशी शिफारस होती. पिंजऱ्याच्या तळाला बारीक तारेची षट्कोनी जाळी वापरू नये. आपल्याकडे खुराड्याच्या दाराला मारतात तसली ही जाळी. बारीक तार पायाला रुतत असणार, तेव्हा जाड तारेची बरी, असा तो विचार. तुम्ही-आम्ही तिथे असतो तर हेच म्हटलं असतं.

१९७३ मध्ये एडिंबरोच्या ह्यूज आणि ब्लॅक या दोघा संशोधकांनी कोंबड्यांनाच विचारलं. वेगवेगळ्या जाळ्यांचे तळ दिले आणि त्या कुठे जास्त वेळ थांबतात ते मोजलं. कोंबड्यांनी पसंत केली ती समितीने नाकारलेली बारीक जाळी! तिची भोकं लहान, त्यामुळे पंजाला जास्त ठिकाणी आधार मिळतो.

समितीची माणसं कनवाळू होती, यात मला शंका नाही. पण कल्पना करा, एखाद्या संघटनेने या जाळीवर बंदी आणण्यासाठी पाच वर्षं घातली असती. वर्गण्या, मोर्चे, निवेदनं, शेवटी विजय. आणि त्या विजयानंतर कोंबडी उभी राहिली असती तिला कमी आवडणाऱ्या तळावर. हे मनात आलं की मला आजही अस्वस्थ व्हायला होतं.

मात्र या प्रयोगावरून ‘कोंबडीला जाळी आवडते’ असं कुणी म्हणू नये. तिला जाळी की जाळी एवढंच विचारलं होतं. गादी पद्धतीत जमिनीवर पसरतात ते भाताचं तूस त्या प्रश्नात नव्हतंच.

ऑक्सफर्डच्या मॅरियन डॉकिन्स यांनी प्रश्न मोठा केला. पिंजरा की बाहेरचं मोकळं अंगण? १९७७चा त्यांचा निबंध मी कितीदा वाचला असेन! पिंजऱ्यात वाढलेल्या कोंबड्या सुरुवातीला पिंजऱ्याकडेच वळल्या. प्रयोग तिथेच थांबला असता, तर आमच्या पत्रलेखकांचं म्हणणं सिद्ध झालं असतं. पण अंगणाचा थोडा अनुभव मिळाल्यावर त्याच कोंबड्या अंगण निवडू लागल्या. आधीची निवड ओळखीच्या जागेची होती. पुढे डॉकिन्सना असंही दिसलं की पायाखाली उकरायला भुसा मिळत असेल, तर कोंबडी एरवी नको असलेल्या लहान पिंजऱ्यातही जाते. म्हणजे नुसती ‘जागा वाढवा’ ही मागणी अपुरी. उकरायला काय देणार, हेही त्याच दमात मागायला हवं.

आता आवड वेगळी आणि निकड वेगळी. निकड मोजायची तर वाटेत अडथळा घालावा लागतो. कूपर आणि अ‍ॅपलबी या संशोधकांनी कोंबडीला जोर लावून ढकलावं लागेल असं दार ठेवलं. अंडं घालायला चाळीस मिनिटं उरली असताना घरट्यासाठी ती जेवढं बळ लावते, ते चार तास उपाशी ठेवल्यावर खाद्यासाठी लावते तेवढंच. अंडं जवळ येईल तसा हा जोर वाढतो. आमच्या आजीला हे ऐकून नवल वाटलं नसतं. अंड्यावर आलेली कोंबडी कणगीमागे, सुपात, फडताळात कशी शिरू बघते, ते तिने रोज पाहिलं होतं. पण आजीचं पाहणं कायदा करणाऱ्यांपुढे टिकत नाही, दारावरचा जोर टिकतो. युरोपीय संघाच्या १९९९च्या निर्देशाने २०१२पासून उघडेबोडके पिंजरे बंद केले. जे पिंजरे राहू दिले, त्यांत दर कोंबडीमागे ७५० चौरस सेंटिमीटर जागा तर मागितलीच, शिवाय घरटं, बसायला दांडी आणि उकरायला भुसा हेही सक्तीचं केलं.

सांगलीच्या पत्रलेखकांना माझी एक विनंती आहे. शेडच्या एका कोपऱ्यात सारख्या मापाचे दोन कप्पे करा, मधली वाट उघडी ठेवा. एकात जाळी राहू द्या, दुसऱ्यात वीतभर तूस पसरा. खाद्य-पाणी दोन्हीकडे सारखं. चार-पाच कोंबड्या सोडा आणि कोण कुठे थांबतं ते लिहून ठेवा. फक्त पहिल्या आठवड्याची मोजदाद धरू नका.