विमानांवरील वर्तुळचिन्हें व कालनिर्णय

अक्षरवटिकेवरून ज्याप्रमाणें शिलालेखाचा काळ अजमावितां येतो, त्याचप्रमाणें लष्करी विमानाच्या जुन्या छायाचित्राचा काळ त्याच्या पंखांवरील चिन्हावरून अजमावितां येतो. म्हणून हीं चिन्हें केव्हां व कां पालटलीं, हें पाहणें संशोधकास अगत्याचें आहे.

इ. स. १९१४ त महायुद्धाच्या आरंभीं जमिनीवरील सैनिक दिसेल त्या विमानावर गोळ्या झाडीत. त्यांत स्वपक्षाचीं विमानेंही सांपडत. ब्रिटिशांनीं प्रथम पंखांखालीं आपला राष्ट्रध्वज रंगविला. परंतु दुरून त्यांतील क्रूस तेवढा दिसे व तो जर्मनांच्या क्रूसासारखा भासे. तेव्हां वर्षअखेरीस त्यांनीं फ्रेंचांचें वर्तुळचिन्ह स्वीकारलें. मात्र रंगांचा क्रम उलटा, म्हणजे बाहेर निळा, मग पांढरा व केंद्रीं तांबडा, असा ठेविला.

हेंच तांबडें केंद्र पुढें धोक्याचें ठरलें. जपानी विमानांवर तांबडें सूर्यबिंब असे. त्याचा भ्रम होऊन आपल्याच विमानांवर मारा होऊं नये, यासाठीं १९४२ पासून ब्रह्मदेशाच्या आघाडीवरील ब्रिटिश व हिंदी विमानांवरून तांबडा रंग काढण्यांत आला. अमेरिकेनेंही त्याच वर्षीं आपल्या ताऱ्यांतील तांबडा ठिपका पुसला.

स्वातंत्र्यानंतर आपल्या विमानांवर अशोकचक्र आलें. १९५० पासून केशरी, पांढरें व हिरवें वर्तुळ आहे.

तात्पर्य, छायाचित्रांत चक्र असल्यास तें १९४७ च्या पूर्वींचें नव्हे, हें निश्चित. मात्र संग्रहालयांतील विमानावरील चिन्ह मागाहून रंगविलेलें नाहीं ना, याची आधीं खात्री करून घ्यावी.